शेकरूचं घरटं, आंब्याचा सातबारा

झाड आंब्याचं होतं, रायवळ. बुंध्याला दोघांनी मिळून मिठी मारावी एवढा घेर आणि पहिली फांदीच दोन पुरुष उंचीवर. घरटं त्याच्याही कितीतरी वर, शेंड्याजवळच्या बेचक्यात, जिथं अट्टल चढणारं पोरही पाय ठेवायला धजणार नाही अशा बारीक फांद्यांमध्ये. सोबतच्या वनरक्षकानं दुर्बिणीला हातही न लावता निकाल दिला, "हे सोडलेलं हाय, सर. पानं बघा ना त्याची." पानं काळपट तपकिरी झालेली, काड्या लोंबकळलेल्या आणि मधूनमधून आभाळ दिसत होतं. पलीकडच्या जांभळावरचं दुसरं घरटं मात्र गच्च विणलेलं. कडेला खोचलेल्या डहाळ्यांची पानं अजून हिरवी. "हे चालू हाय," म्हणून त्यानं वहीत एक उभी रेघ ओढली.

मे महिन्यातलं भीमाशंकर. खाली कोकणात अंगाची लाही होत असते आणि इथं झाडाखाली सकाळी नऊपर्यंत गारवा टिकतो. शेकरू आधी ऐकू येतं, मग दिसतं. खडखडाट, थांबणं, पुन्हा खडखडाट. ते दिसलं ते उलटं टांगलेलं: मागचे दोन पाय फांदीला, शेपूट पलीकडच्या बाजूला तोल धरून आणि पुढच्या दोन हातांत कैरी. आमच्याकडे त्यानं एकदा पाहिलं आणि आपलं काम चालू ठेवलं. थोड्या वेळानं कैरी खाली पडली. उचलून पाहिली तर साल एका बाजूनं तासलेली, गर अर्धामुर्धा चाखून टाकलेला आणि कोवळी कोय फोडून आतली बी तेवढी नीट काढून खाल्लेली. कोयीच्या काठावर जोडीजोडीनं उठलेल्या दोन-दोन चरा. पटाशीच्या दातांची ही सही. उंदीर, घूस, साळिंदर आणि खार या सगळ्या कुरतडणाऱ्या गोतावळ्याची ती एकच. दीड-दोन किलो वजनाचं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हातभराहून कितीतरी लांब, तांबूस पाठीचं आणि मलईच्या रंगाच्या पोटाचं हे देखणं जनावर गणपतीच्या वाहनाचं दूरचं का होईना पण नातेवाईकच आहे, हे सांगितलं की लोकांना उगीच वाईट वाटतं.

आंबा महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आणि शेकरू राज्यप्राणी. मानचिन्हांच्या यादीत हरोळी आहे, ताम्हण आहे, 2015 पासून नीलवंत फुलपाखरू आहे, 2020 पासून पांढरी चिप्पी हे कांदळवनातलं झाडही आहे. शाळेच्या भिंतींवर ही सगळी मंडळी वेगवेगळ्या चौकटींत रंगवलेली असतात. शेकरू एका चौकटीत, आंबा दुसरीत. प्रत्यक्षात एकाचं घर दुसऱ्याच्या शेंड्यावर असतं आणि एकाच्या मुळावर आलेलं संकट दुसऱ्याच्या अंगावर कोसळतं. पण या दोघांची नोंद जिथं जिथं होते, म्हणजे आंतरराष्ट्रीय यादीत, आपल्या कायद्यात, वनखात्याच्या वहीत आणि तलाठ्याच्या दप्तरात, तिथं तिथं ती वेगवेगळ्या चौकटींतच होते. या लेखाचा विषय तोच.

आधी आंतरराष्ट्रीय यादी पाहू. जागतिक निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची 'लाल यादी' एखाद्या जातीला किती धोका आहे हे ठरवते. शेकरूपुढे तिथं शेरा आहे 'किमान चिंता'. आंब्यापुढे शेरा आहे 'माहिती अपुरी'. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं की छपाईत दोन ओळींची अदलाबदल झाली असावी. ज्याला पाहायला भीमाशंकर, महाबळेश्वर, राधानगरी, आंबोली नाहीतर फणसाड गाठावं लागतं, तिकडे मेळघाट किंवा आलापल्लीच्या जंगलात जावं लागतं, त्याची चिंता कमीत कमी. आणि जे झाड परसात, देवळापुढं, शेताच्या बांधावर, हमरस्त्याच्या कडेला सगळीकडे उभं, ज्याच्या पानाशिवाय तोरण होत नाही, त्याच्याबद्दल जगातल्या तज्ज्ञांकडे पुरेशी माहिती नाही.

छपाईची चूक नव्हती. ही यादी कशी बनते ते पाहिलं की कोडं सुटतं आणि दुसरं पडतं.

लाल यादीचे निकष आकड्यांचे आहेत. गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निदान तीस टक्क्यांनी घटली तर जात 'असुरक्षित', पन्नास टक्क्यांनी घटली तर 'संकटग्रस्त', ऐंशी टक्क्यांनी घटली तर 'अतिसंकटग्रस्त'. किंवा मग तिचा वावर वीस हजार चौरस किलोमीटरच्या आत आक्रसलेला हवा आणि त्या जोडीला तुकडे पडणं, घट चालू असणं अशा अटी पुऱ्या व्हायला हव्यात. शेकरू सह्याद्रीत आहे, पूर्वघाटात आहे, सातपुड्यात आहे. नकाशावर या सगळ्या ठिकाणांभोवती एक दोरी आवळली तर आतला प्रदेश भला मोठा भरतो. म्हणून 2016 च्या मूल्यमापनात ते 'किमान चिंता' गटात राहिलं. त्याच नोंदीत संख्येचा कल मात्र 'घटता' असा लिहिलेला आहे, पण बातमीत येतो तो शेरा. कल कुणी वाचत नाही.

दोरीच्या आतल्या त्या भल्या मोठ्या प्रदेशात जंगल आहे कुठं? मध्ये शेतं आहेत, धरणं आहेत, शहरं आहेत, महामार्ग आहेत. शेकरू झाडावर जन्मतं, झाडावर खातं, झाडावर झोपतं आणि नाइलाज झाल्याशिवाय जमिनीवर पाय ठेवत नाही. एका उडीत ते सहा मीटरांपर्यंतचं अंतर कापतं. म्हणजे शेंड्याला शेंडा भिडलेला असेल तर त्याचं राज्य अमर्याद आणि मध्ये सहा मीटरांहून रुंद पट्टा मोकळा झाला की तिथं त्याची सरहद्द. वाघ रात्रीतून दोन तालुके ओलांडतो. शेकरूला दुपदरी डांबरी रस्ता पुरतो.

त्याच्या सख्ख्या भावंडांची गत काय ते पाहावं. भारतात रातुफा कुळातल्या तीन मोठ्या खारी आहेत. ईशान्येकडची काळी मोठी खार आणि तमिळनाडू-केरळच्या सीमेवर व श्रीलंकेत असणारी करड्या रंगाची मोठी खार या दोन्ही लाल यादीत 'संकटाच्या जवळ' या पायरीवर पोचल्या आहेत. या कुळातल्या साऱ्या खारींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचं नियंत्रण आहे. आपलं शेकरू तिघांत सुदैवी, एवढंच.

पण मुळात 'आपलं शेकरू' म्हणजे कोणतं? इथं गोष्ट रंगतदार होते. एर्क्सलेबेन या जर्मन शास्त्रज्ञानं 1777 साली या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं, ते त्याआधी टॉमस पेनंटनं वर्णन केलेल्या 'मुंबईच्या खारी'वरून. दक्षिणेकडच्या शेकरूंच्या अंगावर काळ्या रंगाचे मोठे पट्टे असतात. भीमाशंकरच्या शेकरूच्या पाठीवर काळा ठिपकासुद्धा नसतो आणि शेपटीचं टोक फिकट, पांढरट असतं. हा फरक कर्नल साईक्सच्या डोळ्यांत भरला. दख्खनची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारनं नेमलेला हा लष्करी अधिकारी माणसं, पिकं, पक्षी, मासे, जे दिसेल ते मोजत आणि लिहीत सुटला होता. 1831 साली त्यानं या रूपाला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. म्हणजे पेशवाई बुडवणाऱ्या साहेबाचं नाव आज महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याच्या माथी आहे. शेकरूला त्याचं सोयरसुतक नाही, हे बरं.

पुढं 1952 मध्ये हुमायून अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शेकरूच्या साऱ्या रूपांचा एकत्र आढावा घेतला. किती उपजाती धरायच्या यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, कुणी चार मानतं, कुणी आठपर्यंत जातं. वाद कितीही असो, डोळ्यांना दिसणारी गोष्ट अशी की सह्याद्रीचा प्रत्येक मोठा तुकडा आपापलं शेकरू घडवत होता. गुजरातच्या डांगात फिकट, जवळजवळ पांढुरकं रूप होतं. गेल्या शतकाच्या मध्यापासून ते नाहीसंच झालं आहे. ते गेलं, तरी लाल यादीतला शेरा तसूभर हलला नाही, कारण यादी जातीची आहे. डांगातलं गेलं तरी मलबारातलं आहेच की! पगारपत्रकावर हजेरी भरली की एखादं टेबल रिकामं असलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, त्यातला प्रकार.

आता आंब्याकडे वळू. 'माहिती अपुरी' हा शेरा वाचून हसू येतं, पण तो शेरा मारणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. लाल यादी मोजते ती रानातली संख्या, लावलेली झाडं नव्हेत. आणि आंब्याच्या बाबतीत रानातलं कोणतं आणि लावलेलं कोणतं हेच सांगता येत नाही. चार हजार वर्षं आणि बहुधा त्याहूनही जास्त काळ माणूस आंबा खातोय आणि चालता चालता कोय टाकतोय. जंगलात भेटलेलं आंब्याचं झाड मूळचं रानटी, की शंभर वर्षांपूर्वी कुणा वाटसरूनं, गुराख्यानं, वानरानं किंवा वटवाघळानं टाकलेल्या कोयीचं? आसाम, म्यानमार, चितगाव या पट्ट्यात अस्सल रानआंबा असावा असं मानतात. मेघालयातल्या दामलगिरीजवळ आंब्याच्या कुळातल्या पानाचा सहा कोटी वर्षांपूर्वीचा ठसा खडकात मिळाला आहे, म्हणजे हे घराणं या भूमीत हिमालयापेक्षा जुनं. 2019 मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढं आलेलं चित्र तर आणखी गुंतागुंतीचं आहे: आंबा एकदाच, एकाच जागी माणसाळला, अशी सरळ कथा नाही. ज्याचं मूळ घरच सापडत नाही, त्याच्या घरची माणसं कमी झाली की वाढली हे ठरवणार कसं?

त्याच्या गोतावळ्यात मात्र धोक्याची घंटा वाजून गेलेली आहे. इंडोनेशियाच्या दक्षिण कालिमंतानमधला 'कस्तुरी' नावाचा लहानसा, गडद सालीचा आंबा रानातून नष्ट झाल्याची नोंद याच लाल यादीत आहे. तो आता बागांमध्येच उरला आहे. म्हणजे आंब्याचा एखादा भाऊबंद रानातून उठून जातो आणि बाजारात त्याची गोडी तशीच मिळत राहते, असं घडतं. फळ मिळतंय म्हणजे झाड सुखरूप आहे, हा आपला समज तिथं उताणा पडतो.

आपल्याकडं काय चाललंय? हापूस. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण हापूसची लाख झाडं म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकच झाड. कोण्या एका मूळ झाडाची काडी, तिची काडी, तिचीही काडी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं रुळवलेली कोयकलमाची पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे ठाऊक आहे. कोय रुजते, तांबूस कोवळ्या पानांचा कोंब वर येतो. तो पंधरवड्याचाही नसतो तोवर त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी तिच्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. वर वाढतो तो हापूस. खाली मातीत उतरतं ते मूळ मात्र रायवळाचं. कोकणातला हापूस पाणी पितो तो रायवळाच्या तोंडानं, आणि ही गोष्ट पेटीवर कुठंही छापलेली नसते.

रायवळ म्हणजे बियेपासून आलेलं झाड. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून आलेला असतो. त्यामुळं कोय लावली की आईबापांसारखं फळ मिळेलच याची हमी नाही. प्रत्येक रायवळ झाड हा नवा डाव. म्हणून गावोगाव त्यांना नावं असतात: शेपूच्या भाजीचा वास येणारा शेपू, खोबऱ्यासारख्या गराचा खोबरी, साखऱ्या, गोटी, लोणच्याचा, चोखून खायच्या बिटक्यांचा. हे वाण नव्हेत, एकेका झाडाची नावं आहेत. त्या गावच्या वरच्या आळीतला शेपू पडला की तसा शेपू जगात दुसरीकडं नाही. त्याची कलमं कुणी बांधलेली नसतात, कारण त्याला बाजारात भाव नाही.

इथं दोन्ही गोष्टी एकत्र येतात. शेकरूच्या बाबतीत जात शाबूत आहे आणि एकेका डोंगराची रूपं धोक्यात आहेत. आंब्याच्या बाबतीत जात तर धडधडीत फोफावलेली आहे आणि एकेक झाड, म्हणजे एकेक स्वतंत्र वंश, गुपचूप नाहीसा होतोय. मोजमापाचं एकक जात धरलं की दोघंही मजेत आहेत. एकक बदललं की दोघंही अडचणीत.

भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं, ते मुख्यतः शेकरूसाठी. 130.78 चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथल्या रानाची मुख्य मंडळी. रेनी बोर्जेस यांनी 1980 च्या दशकात इथं आणि कर्नाटकातल्या मागोडला शेकरूच्या खाण्याचा बारकाईनं अभ्यास केला आणि त्यावर पीएच.डी. केली. शेकरू काय खातं यापेक्षा कधी काय खातं हा प्रश्न मोठा आहे, हे अशा अभ्यासांतून कळतं. एका झाडाला फळ नसतं तेव्हा दुसऱ्याचं फूल, तिसऱ्याची कोवळी पानं, चौथ्याची साल, उंबर-पिंपळाच्या जातीतलं काहीतरी. वर्षाचे बारा महिने भागवायला रानात नाना जातींची झाडं लागतात, आणि ती उडीच्या अंतरावर लागतात. आंबा हा त्यातला उन्हाळ्याचा धनी, शिवाय घरट्यासाठी उंच आणि डेरेदार. एकेक शेकरू एकाच वेळी अनेक घरटी सांभाळतं, काही झोपायला, काही पिल्लासाठी, काही नुसती हाताशी असावीत म्हणून. गणनेच्या वहीत चालू घरट्यांना सोडलेल्या घरट्यांपासून वेगळं काढावं लागतं ते म्हणूनच. चालू घरटी मोजून शेकरूंचा अंदाज बांधतात. तो अंदाजच.

अभयारण्याच्या आत जंगल कापता येत नाही. अडचण हद्दीबाहेर सुरू होते. घाटमाथ्यावर अभयारण्याला लागून वनखात्याचं रान आहे, त्याला लागून मालकी जमिनी आहेत, त्यांत देवराया आहेत आणि पुन्हा पलीकडे रान आहे. शेकरूच्या दृष्टीनं हा सलग शेंड्यांचा रस्ता. गाडगीळ समितीनं 2011 च्या अहवालात भीमाशंकरला लागून उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांची दखल घेतली होती. चक्की स्वतः थोडीच जागा घेते, पण तिची अवजड पाती डोंगरावर चढवायला कापावा लागणारा रुंद रस्ता शेकरूच्या सहा मीटरांच्या हिशेबात बसत नाही. देवस्थानाकडे जाणारा रस्ता, वाहनतळ, विजेच्या तारा यांचंही तेच. श्रावणातली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

मालकी जमिनीतला जुना आंबा पडतो कसा, याची रीत ठरलेली आहे. ठेकेदार येतो तो पावसाळा संपला की. झाड पाहतो, बुंध्याभोवती दोरी फिरवतो, रक्कम सांगतो. लाकूड जाणार खोक्यांना, प्लायवूडच्या आतल्या थराला, नाहीतर भट्टीला. साग-शिसवासारखा भाव नाहीच. पण मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो, किंवा झाड चार भाऊबंदांत वाटलेलं असतं. कोकणात आणि घाटावरच्या या पट्ट्यात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं, किंवा एकाच झाडात चौघांचा चार-चार आण्यांचा हिस्सा, हे नवं नाही. चौघांपैकी एक मुंबईत. फळ उतरवायला गडी मिळत नाही, बिटक्या खाली पडून सडतात, वानरांचा उच्छाद आहेच. मग चौघांचं एकमत होतं आणि एरवी ज्या घरात बांधावरून वाद पेटतो त्या घरात सह्या पटकन होतात.

मी जिच्या ओसरीवर बसून हे ऐकलं ती आजी ठेकेदारावर चिडलेली नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. "हिरड्याला कुणी हात लावतं का? बाळहिरडा इकून घरात पैका येतो, म्हून तो उभा. आंब्याचा काय येतो, सांग की बाबा." या भागातल्या महादेव कोळी समाजासाठी हिरडा हा उत्पन्नाचा मोठा आधार आहे. झाड तोडायचं नाही, फळ गोळा करायचं आणि वाळवून विकायचं. आजीनं दोन वाक्यांत सांगितलेलं अर्थशास्त्र संवर्धनाच्या कितीतरी परिसंवादांत ऐकायला मिळत नाही. फळाला भाव असेल तर झाड उभं राहतं. भाव फक्त लाकडाला असेल तर झाड आडवं होतं.

आता कायदा. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाला एक अनुसूची आहे. तिच्यात हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ अशी सोळा नावं आहेत. ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. म्हणजे आंब्याला कायद्याचं कवच आहे. पण परवानगी मिळू शकते, आणि झाड जुनं, वठलेलं, पिकाला सावली करणारं आहे असं दाखवणं अवघड नसतं. बेकायदा तोडीचा दंड एक हजार रुपयांपर्यंतच होता, तो पन्नास हजारांवर नेण्याचा प्रस्ताव 2024 मध्ये आला तेव्हा कोकणातून विरोधाचा गदारोळ उठला. तो विरोध अगदीच चुकीचा होता असं मला वाटत नाही. स्वतः वाढवलेल्या झाडासाठी ज्याला कचेरीचे खेटे घालावे लागतात, तो पुढच्या वेळी रोपच लावत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी रयतेच्या आंबा-फणसाला जबरीनं हात लावू नये, मालकाला राजी करून, मोबदला देऊन, तेही जीर्ण झालेलंच झाड घ्यावं, अशा अर्थाची सूचना आहे. तीनशे वर्षांपूर्वी मालकाची संमती आणि झाडाचं वय या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या गेल्या. आज मालक एका कायद्यात आणि झाड दुसऱ्या कायद्यात.

आणि शेकरू तिसऱ्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलं आहे, त्याला मारणं, पकडणं, कोंडणं हा गुन्हा. मात्र त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचावी. अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं तिच्यात येतं, पण ते पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत. घरटं बांधणारा सस्तन प्राणी कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर नसावा. अभयारण्याच्या आत अधिवासाची नासधूस करायला वेगळं कलम आडवं येतं. बाहेर, मालकी रानात, रीतसर परवानगीनं पडणाऱ्या आंब्यावर शेकरूचं चालू घरटं असेल तर ते कोणत्या कलमात बसवायचं? आत पिल्लू असेल आणि मेलं, तर गोष्ट वेगळी. पिल्लू नसेल, शेकरू उडी मारून पळालं, तर कागदोपत्री काहीच घडलेलं नसतं. झाडाचा पंचनामा होतो, घेर लिहिला जातो, लाकडावर हातोड्याचा शिक्का पडतो, वाहतुकीचा पास निघतो. पंचनाम्यावर सह्या करणारे पंच मान वर करून पाहत नाहीत, कारण तसं पाहायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद केली, तेव्हा ज्या झाडांना कुणी हात लावत नव्हतं ती देवाच्या भीतीनं उभी होती. आहुप्यासारख्या गावांत आजही आहेत. पण देवराई थोड्या एकरांची असते. दोन देवरायांमधल्या पट्ट्यात देव नाही, वनखातं नाही, फक्त सातबारा आहे. शेकरूला एका राईतून दुसरीत न्यायचं काम त्या सातबाऱ्यावरचे जुने आंबे करतात. आणि सातबाऱ्यावर ते आंबे असतात ते एखाद्या आकड्याच्या रूपात, बऱ्याचदा तोही जुना.

काही करता येण्याजोगं आहे का? आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती एकदाची भरून कपाटात गेली आहे. तिच्यात रायवळ झाडं नावानिशी, जागेनिशी आणि चवीनिशी लिहिता येतात: वरच्या आळीतला शेपू, ओढ्याकाठचा साखऱ्या. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो, आंबाही. चांगल्या रायवळाच्या काड्या आणून कलमं बांधणारे हौशी लोक कोकणात आहेतच, त्यांच्या कलमांना गिऱ्हाईक मिळालं तर ते हौशी राहणार नाहीत. आंबोशी, साठं, लोणच्याची कैरी, रस यांच्यासाठी रायवळ हापूसपेक्षा सरस ठरतो हे घरोघरच्या बायकांना पूर्वापार माहीत आहे. प्रश्न आहे तो उतरवणीच्या मजुरीचा आणि घाटमाथ्यावरून बाजारापर्यंतच्या भाड्याचा. हिरड्यासाठी जी खरेदीची साखळी उभी राहिली तशी यासाठी उभी राहिली नाही.

कलमांमुळं आंब्याचा वंश वाचेल, शेकरूचं घर मात्र वाचणार नाही. त्याला पंधरा फुटांचं कलम नको आहे, त्याला शंभर वर्षांचं झाड हवं आहे, तेही शेजारच्या झाडाला टेकलेलं. म्हणून माझा आग्रह पंचनाम्याबद्दल आहे. अभयारण्यालगतच्या गावांत वृक्षतोडीच्या अर्जाची पाहणी होते तेव्हा घेराबरोबर शेंड्याकडं पाहून तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात: घरटं आहे का, चालू आहे की सोडलेलं, आणि हे झाड पडलं तर दोन्ही बाजूंच्या शेंड्यांमध्ये किती मीटर मोकळं पडेल. चालू घरटं कसं ओळखायचं हे वनरक्षकाला शिकवावं लागत नाही, गणनेत तो तेच करतो. अंतर सहा मीटरांहून जास्त पडत असेल तर परवानगी रोखावी आणि त्या झाडाच्या लाकडाची जी किंमत ठेकेदार देत होता ती, हप्त्यांनी का होईना, मालकाच्या खात्यावर भरावी. रक्कम फार मोठी नाही. ठेकेदार ती दारात उभ्या उभ्या मोजतो.